उंटाचा शह

अनंता पष्टे वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्यावरचा माझा राग लपणार नाही आणि तो लपवायची माझी इच्छाही नाही.

किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर माझं चहाचं हॉटेल आहे. वडिलांनी काढलं, आता मी चालवतो. आत कपबश्यांचं कपाट आहे आणि त्या कपाटावर बुद्धिबळाचा पट असतो. कायम मांडलेला, कायम अर्ध्यावर खेळलेला. माझ्या बायकोला धूळ पुसायची झाली तरी सोंगट्यांच्या मधून फडक्याचं टोक फिरवावं लागतं. ती म्हणते, एवढं जपून मी देवघरसुद्धा पुसत नाही. खरंच आहे तिचं.

ही पद्धत पाडली ती चंदरकाकांनी. शेणव्याचे चंदर हरड एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची गाडी किन्हवलीला चहापुरती थांबायची. चहापुरत्या वेळात बुद्धिबळाचा डाव कसा संपणार? म्हणून काका यायचे, उभ्या उभ्या बशीत चहा ओतायचे, दोन-तीन चाली करायचे आणि कंडक्टरने घंटी मारली की पळायचे. डाव तसाच उचलून कपाटावर. पुढच्या फेरीला पुढच्या चाली. एकेक डाव महिना महिना चालायचा. चाली कुणी लिहून ठेवत नव्हतं. पट समोर आहे, आणि आधी काय झालं ते खेळणाऱ्यांच्या डोक्यात आहे, मग लिहायचं कशाला? वाद निघालाच तर खेळणाऱ्याचा शब्द. पण वाद कधी निघालाच नाही, कारण काकांना सगळं आठवायचं. तीन बाजारांपूर्वी तुझा घोडा कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला, तेव्हा तू काय पुटपुटलास, हे ते सांगायचे. रिटायर झाल्यावर काका दर आठवडी बाजाराला यायला लागले, आणि घंटी मारायला कंडक्टर नसला तरी चाली मात्र तेवढ्याच, चहापुरत्या.

अनंता हा त्यांचा कायमचा गडी. तो कॉलेजला जायचा तेव्हापासून काकांशी खेळतोय, आणि आज त्याची पन्नाशी आली तरी काकांवर एकही डाव त्याने जिंकलेला नव्हता. बरोबरी झाली असेल एखादी. त्याचं सगळं आयुष्यच तसं आहे. पोलीस भरतीला धावण्यात पहिल्या दहांत आला आणि छातीच्या मापात राहिला. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कंत्राटावर लागला. कायम करायच्या यादीत त्याचं नाव अगदी काठावर आलं आणि यादी तिथेच थांबली. आता पोरगेलेसे सुपरवायझर त्याला नावाने हाक मारतात आणि तो मान खाली घालून मशीन पुसतो. घरची भातशेती आहे, बायको माधुरी शहाणी आहे, खायला-प्यायला कमी नाही. पण हा माणूस सतत चिडलेला. चहात साखर कमी झाली तरी तो असा बघायचा, की जणू सगळ्या जगाने मिळून त्याच्याच कपातली साखर काढून घेतली आहे.

काकांपुढे त्याचं घोडं कुठे अडायचं तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे जुन्या पद्धतीने खेळतात. त्यात राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. अट एकच, त्याआधी राजाला एकदाही शह लागलेला नसावा. एकदा शह बसला, की उडी गेली ती गेलीच. बाकीचे लोक सुरुवातीलाच उडी मारून राजा कोपऱ्यात नेऊन बसवतात. काका मात्र ती राखून ठेवायचे. अनंता आठवडेच्या आठवडे व्यूह रचणार, सोंगट्या राजाभोवती गोळा करणार, आता पुढच्या चालीला मात म्हणून हात चोळणार, आणि काका शांतपणे राजा उचलून अडीच घरं पलीकडे ठेवणार. मग चहा पिणार. अनंताचा चेहरा तेव्हा बघवत नसे.

कारखान्यात बदलापूरचा पंकज म्हणून एक जण आहे. त्याने अनंताच्या फोनमध्ये बुद्धिबळाचं इंजिन घालून दिलं. इंजिन म्हणजे काय, ते मला अनंताकडूनच कळलं. पटावर जशा सोंगट्या आहेत तशा फोनमध्ये मांडायच्या. मग फोन विचार करतो, बाण काढून सर्वांत चांगली चाल दाखवतो, बाजूला एक पट्टी असते ती पांढरी वर चढली तर पांढऱ्याचं बरं चाललंय, काळी चढली तर काळ्याचं. जगातल्या कुठल्याही माणसाला ते हरवतं म्हणे.

त्या दिवसापासून माझ्या हॉटेलाची कळाच गेली. दुपारपाळीला जायच्या आधी अनंता सकाळीच येऊन बसायचा. फोन साखरेच्या बरणीला टेकवायचा. बाकावर चढून कपाटावरचा पट बघायचा, उतरून फोनमध्ये दोन सोंगट्या मांडायचा, पुन्हा बाकावर चढायचा. गिऱ्हाइकं उभी आणि हा बाकावर. एकदा त्याने दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांत मांडले. सगळा आठवडा इंजिन काहीतरी भलतंच सांगत होतं आणि हा त्याला शिव्या घालत होता. चूक सापडली तेव्हा ओशाळायचं सोडून माझ्यावरच ओरडला, की तुझ्या हॉटेलात उजेड नाय.

त्याची खरी तक्रार वेगळी होती. इंजिन चाल सांगतं, कारण सांगत नाही.

"पन का?" तो फोनला विचारायचा. "घोडा का? हत्ती का नाय? सांग ना लेका!"

फोन बाण दाखवायचा. अनंताच्या सोंगट्या पांढऱ्या. त्याने दुसरी चाल करून बघितली की पट्टी काळी व्हायची. का झाली, ते नाही. पुन्हा मागे जायचं, पुन्हा दुसरी चाल, पुन्हा काळी. तास तास हा माणूस चाली करायचा आणि पुसायचा, करायचा आणि पुसायचा. चहा गार व्हायचा. मी विचारायचो, "अरे, खेळतोयस की परीक्षेला बसलायस?" तो आणखी एक चाल पुसायचा.

आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे फोनला राजाची उडी माहीतच नव्हती. बाहेरच्या जगात ती नसते. इंजिन म्हणायचं, इथे मात आहे. अनंता म्हणायचा, अरे बाबा, काकाचा राजा उडी मारंल त्याचं काय? त्यावर पंकजने तोडगा काढला. तो म्हणाला, आधी एक शह देऊन टाका. शह लागला की उडी संपली, मग तुमचे नियम आणि फोनचे नियम एकच झाले. तिथून पुढे इंजिन सांगेल ते खरं.

अनंताला हे इतकं पटलं, की त्याने दुसरं काही डोक्यात येऊच दिलं नाही. त्याच्याकडे उंटाचा एक शह होता. तो फोनमध्ये देऊन बघायचा. पट्टी थोडी काळी व्हायची. पुन्हा द्यायचा. इंजिनला जास्त वेळ विचार करू द्यायचा, फोन तापून लाल व्हायचा, मग पट्टी जरा पांढरी व्हायची. "जमतंय," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका, पुन्हा उंट, पुन्हा शह. त्या उंटाचं नाव ऐकून माझे कान किटले.

आता चंदरकाकांचं सांगतो, कारण खरं जे पणाला लागलं होतं ते त्यांचं होतं.

काकू गेल्यापासून काका शेणव्याला एकटे राहतात. मुलगा ज्ञानेश्वर कल्याणला असतो, नोकरी करतो, बापाची काळजी करतो, पोरगा गुणी आहे. मागच्या उन्हाळ्यात काका शहापूरला दवाखान्यात गेले आणि परत येताना शेणव्याच्या गाडीऐवजी मुरबाडच्या गाडीत बसले. मुरबाडच्या स्टँडवर संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होते. कुणीतरी जुन्या कंडक्टरने ओळखून घरी आणलं. ज्या रस्त्यांवर त्यांनी जन्मभर गाडी चालवली, त्याच रस्त्यावर हे झालं. नंतर एकदा शेगडीवर दूध ठेवून ते शेतावर गेले, तेव्हा ज्ञानेश्वर घाबरला. म्हणाला, बाबा, आता तुम्ही माझ्याकडे चला.

काकांना कल्याणला जायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते काय करणार? नवरात्राच्या आधी त्यांनी माझ्या हॉटेलात, चार माणसांदेखत मुलाला सांगितलं, "दूध इसरलो, गाडी इसरलो, ती म्हातारपणाची गडबड. डोकं जाग्यावर हाय माझं. हा पट बघ. गौरीनंतर सुरू केलाय. पयल्या चालीपासून सांगू?" आणि त्यांनी सगळा डाव सांगितला. कोण कुठून कुठे गेलं, सगळं. अनंता समोर बसून मान हलवत होता, बरोबर, बरोबर.

ज्ञानेश्वरलाही बरं वाटलं. तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. ज्या दिवशी डाव विसराल, त्या दिवशी माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले.

हे अनंताने ऐकलं होतं. तो तिथेच बसला होता. म्हणूनच माझा राग जात नाही.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि त्या बाजाराला अनंता पाळी बदलून आला. दाढी केली होती. डोळ्यांत असं काही होतं, की मला वाटलं याला ताप आहे. ज्ञानेश्वरही सुट्टीवर आलेला, बापाला गाडीतून घेऊन आला होता आणि दाराशी खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. मी पट खाली उतरवला.

अनंताने वजीर उचलला आणि सरळ काकांच्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

आजूबाजूची माणसं पुढे सरकली. वजीर फुकट? काकांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. वजीर मारला नसता तर लगेच मात होती, तेवढं मलासुद्धा दिसत होतं. त्यांनी घोड्याने वजीर मारला. घोडा जागचा हलला आणि राजाची ती बाजू उघडी पडली. अनंताने हत्ती आडवा सरकवून राजाशेजारच्या उभ्या रांगेत आणला.

"पुढच्या चालीला मात," तो म्हणाला. "कायपन करा काका. इंजिननं सांगितलंय. जगात कुनी वाचवू शकत नाय."

काकांनी पुन्हा पाहिलं. मग त्यांच्या मिशीत हसू आलं. त्यांनी राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला. सगळे हसले. मीसुद्धा हसलो, म्हटलं, झालं, पुन्हा तेच.

"ठेवा, ठेवा तो राजा परत," अनंता म्हणाला. "उडी गेली तुमची. शह लागलाय तुमाला."

"कवा?"

"नवरात्रातल्या बाजाराला. उंटानं दिला मी."

"नाय दिलास."

"दिला काका! येवढी मरमर त्याच्यासाठीच तर केली मी. शह दिला, म्हनून तर आज वजीर दिला. नायतर मी येडा हाय का वजीर द्यायला?"

"मला नाय आठवत, अनंता."

"तेच तर म्हनतोय!" अनंता ओरडला. "तुमाला आठवत नाय! तुमी इसरता आता!"

दाराशी ज्ञानेश्वरने फोन कानापासून खाली घेतला. अनंताला तेव्हाच कळायला हवं होतं, पण तो पटाकडे बोट दाखवून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्याला खरंच वाटत होतं, की त्याच्या तोंडचा घास पुन्हा एकदा काढून घेतला जातोय.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "रवी, तू होतास त्या दिवशी?"

काय सांगू मी? बाजाराच्या दिवशी मी भजीच्या कढईपाशी असतो. "काका, मी तळणात होतो. माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग ते पटाकडे बघत राहिले, पण सोंगट्यांकडे नाही, मधल्या रिकाम्या घरांकडे. ओठ हलत होते. पहिल्यापासून मोजत असावेत, आणि कुठेतरी अडत असावेत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

शेवटी त्यांनी राजा उचलून मूळ घरात ठेवला. "दिला असंल," ते म्हणाले. "डाव तुझा."

ज्ञानेश्वरने त्यांची पिशवी घेतली आणि हात धरून त्यांना गाडीपर्यंत नेलं. काका एरवी हात धरू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी दिला.

अनंता जिंकला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिंकला होता आणि एकानेही त्याला शाबास म्हटलं नाही. त्याने मला पट मोडू दिला नाही. म्हणाला, राहू दे, लोकांना दाखवायचाय. मी पट कपाटावर ठेवला, हातातलं फडकं जरा जोरातच झटकलं, आणि त्याला म्हटलं, "जा आता. कामावर जा."

त्यानंतर तो रोज आला आणि मी रोज त्याच्यापुढे चहा आदळला. मी बोलत नाही म्हणून त्याची घालमेल चालली होती. त्याला ज्ञानेश्वरकडून कळलं होतं, की काकांचं सामान बांधायला काढलंय. तो स्वतःच स्वतःशी भांडायचा. "मी काय खोटं बोललो? शह दिला तर दिला म्हनायचं नाय का? सगळ्यांना वाटतं मी फसवलं." मी काही म्हटलेलं नसायचं. शेवटी एका सकाळी तो तरातरा आत आला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

"हे बघ. हाय की नाय? जुनं सगळं यात राहतं. हा नवरात्रातला पट. हा उंट. आन हा शह. आता तरी पटलं?"

मी बघितलं. फोनमध्ये शह होता, खराच. उंट तिरपा राजावर रोखलेला आणि मध्ये काकांचं एक प्यादं पुढे सरकलेलं.

"मला यातलं काय कळतं?" मी म्हणालो. "त्यांना दाखव."

"त्यांनाच दाखवतो. पट खाली घे. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढतो, म्हंजे त्या ज्ञानेश्वराची पन खात्री होईल."

मी पट खाली घेतला. अनंताने फोन पटाशेजारी ठेवला आणि वाकून बघायला लागला. वाकला तो वाकलाच. मी कप विसळत होतो.

"रवी," तो म्हणाला, "हे प्यादं घरातच हाय."

"कुठलं?"

"शहाच्या मधी टाकायला काकांकडं हे येकच प्यादं होतं. राजाला हलायला जागा नव्हती. उंटानं शह दिला असता तर हे पुढं यायलाच पायजे. फोनात पुढं आलंय." त्याने पटावरच्या प्याद्यावर बोट ठेवलं. "इथं ते हललंच नाय."

प्यादं पुढे जातं, मागे येत नाही. हे तर मलाही माहीत आहे.

अनंता खाली बसला. "मी उंटाला हात लावला होता," तो हळूहळू म्हणाला. "आता आठवतंय. हात लावला, आन वाटलं, नको, पट्टी काळी झाली तर? हत्ती सरकवला मी. मंग घरी जाऊन फोनात शह दिला. किती येळा दिला रे. इतक्या येळा दिला, की..."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याच्या फोनच्याही वाजवावीशी वाटली, पण फोनचा काय दोष? त्याला विचारलं तेवढं त्याने सांगितलं. पटावर काय झालं आणि काय होऊ शकलं असतं, यातला फरक ठेवायचं काम माणसाचं होतं, आणि या माणसाने ते केलं नाही.

"ऊठ," मी म्हणालो. "शेणव्याला चल."

हॉटेल बायकोवर टाकून मी मोटारसायकल काढली. वाटेत अनंता मागे बसून तेच तेच बोलत होता, काकांना काय सांगायचं, कसं सांगायचं.

ज्ञानेश्वर अंगणातच होता. गाडीची डिकी उघडी होती आणि त्याच्या खांद्यावर वळकटी होती. मी गाडी पुरती थांबवायच्या आत अनंता उतरून त्याच्याकडे धावला.

"ज्ञाना, शह नव्हता! माझं चुकलं. मी फोनात दिला होता, पटावर नाय. तुझ्या बापाचं बरोबर होतं. त्यांना सगळं बरोबर आठवत होतं. इसरलो ते मी!" आणि त्याने प्याद्याचं सगळं सांगितलं. दम लागला होता, तरी सांगितलं.

ज्ञानेश्वरने माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना, रवीभाऊ?"

"नक्की. पट माझ्याकडे आहे, प्यादं जागचं हललेलं नाही. केव्हाही येऊन बघ."

त्याने वळकटी खाली ठेवली. तिच्यावरच बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला काय हौस आहे का त्यांना उचलून न्यायची?" तो म्हणाला. "तिथे बिचारे दिवसभर खिडकीत बसतील. डाव आठवतो ना, मग राहू देत. मी दर रविवारी येत जाईन." तो उठला आणि कित्येक दिवसांनी हसला असावा तसा हसला. "चला आत. तुम्हीच सांगा त्यांना."

काका ओटीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. आम्हाला बघताच त्यांनी मोठ्याने हाक मारली. "ये रे अनंता! मला वाटलंच होतं तू येनार."

"काका, मला सांगायचंय..."

"तू थांब. आधी माझं आयक." काकांचा चेहरा उजळला होता. "आठवला रे मला!"

"काय?"

"शह! तुझा उंटाचा शह. त्या दिवशी बाजारात येकदम सुचलं नाय. घाबरलो मी जरा. घरी आलो, हितं बसलो, डोळे मिटले, आन सगळं समोर आलं बघ. नवरात्रातला बाजार. रवी भजी तळत होता. तू उंट उचललास, जरा थांबलास, आन दिलास शह. मी प्यादं मधी घातलं. येकूनयेक आठवतंय." ते मुलाकडे वळले. "बघ ज्ञाना. इसरलो नाय मी. जरा टाइम लागतो, येवढंच. आता तुझ्याबरोबर येतो, कबूल केलंय तर येतो. पन डोकं गेलंय म्हनू नको."

अनंताला बोल म्हणावं की गप्प बस म्हणावं, मला काही सुचेना. हातात काही असतं तर मी जमिनीवर आपटलं असतं.

"काका," अनंता म्हणाला, "शह नव्हता. ते प्यादं अजून घरातच हाय."

काकांनी कपाळाला आठी घातली. "तू उंटाला हात लावलास ना?"

"लावला."

"मंग?"

"मंग हत्ती सरकवला. शह नाय दिला."

काका उठून त्याच्याजवळ आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अनंता, तूच भर बाजारात सांगितलंस, शह दिला म्हनून. आता तूच इसरलास?"

"नाय काका, मी खरंच नाय दिला."

"असू दे, असू दे. मी कुनाला सांगत नाय." काकांनी आवाज खाली आणला. "होतं असं वयानं. घाबरायचं नाय. पन येकदा डॉक्टरला दाव."

"नाय दिला काका," अनंता म्हणत राहिला. "मी नाय दिला. मी नाय दिला."

ज्ञानेश्वर दारात उभा होता. मग तो अंगणात गेला आणि वळकटी उचलून गाडीत ठेवली.